उंदराचा पंजा आणि हळदीचा लेप

वनौषधीच्या वेष्टनावर, आरोग्यविषयक सदरात किंवा एखाद्या प्रबंधाच्या सारांशात एक वाक्य आपल्याला वारंवार भेटते : ‘या वनस्पतीचे वेदनाशामक व शोथरोधक गुणधर्म शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध झाले आहेत.’ हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की वाचताना तिथे कोणी थांबत नाही. प्रयोग कोणावर झाला, वेदना कोणाची होती, ती मोजली कशी, हे सगळे प्रश्न ‘सिद्ध’ या एका शब्दाखाली झाकले जातात. झाकण उचलून पाहावे तर बहुतेक वेळा आत एक पांढरा उंदीर सापडतो. त्याच्या मागच्या पायाच्या पंजात एक द्रव टोचलेला असतो, पंजा सुजलेला असतो, आणि वनस्पतीचा अर्क ज्याला पाजला त्या उंदराचा पंजा, ज्याला पाजला नाही त्याच्या पंजापेक्षा तीन तासांनी थोडा कमी सुजलेला असतो.

लोकौषधींच्या खटल्यात हा पंजा प्रमुख साक्षीदार कसा झाला, याचा इतिहास फार लांबचा नाही. पण तो ठाऊक नसला म्हणजे दोन टोकाच्या भूमिका सहज घेतल्या जातात. ‘आपल्या आजीबाईच्या बटव्यावर विज्ञानाने शिक्कामोर्तब केले’ ही एक, आणि ‘हे सगळे थोतांड आहे’ ही दुसरी. दोन्ही भूमिका घेणाऱ्यांनी त्या साक्षीदाराला नेमका कोणता प्रश्न विचारला गेला होता, हे सहसा पाहिलेले नसते.

शोथाची चार लक्षणे केल्सस या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पाचवे लक्षण, म्हणजे त्या अवयवाचे काम बंद पडणे, गेलनच्या नावावर खपवले जाते. प्रत्यक्षात ते एकोणिसाव्या शतकात रूडोल्फ फिरखो याने जोडले. रोगी वैद्याकडे येतो तो बहुधा चौथ्या आणि पाचव्या लक्षणासाठी. गुडघा दुखतो आणि जिना चढवत नाही, ही त्याची तक्रार असते. मोजायला सर्वांत सोपे आहे ते मात्र दुसरे लक्षण, सूज. पुढचा सगळा घोळ या विषमतेतून निर्माण झाला.

प्राण्यांवरील प्रयोग रूढ होण्यापूर्वी लोकौषधीची परीक्षा माणसांवरच होई. तिचे गाजलेले उदाहरण इंग्लंडमधले आहे. ऑक्सफर्डशायरमधल्या चिपिंग नॉर्टन येथील पाद्री एडवर्ड स्टोन याने एप्रिल १७६३ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिले. काही वर्षांपूर्वी त्याने विलो वृक्षाची साल सहज चाखून पाहिली होती आणि तिचा कडवटपणा त्याला सिंकोनाच्या सालीसारखा वाटला होता. सिंकोना महाग आणि परदेशी. विलो ओढ्याकाठी फुकट. स्टोनने पाववाल्याच्या भट्टीवर पिशवी ठेवून ती साल तीन महिन्यांहून अधिक काळ सुकवली, तिचे चूर्ण केले आणि सुमारे ५० माणसांना दिले. आजार होता थंडीताप. दलदलीच्या जागी जो रोग होतो त्याचे औषधही दलदलीच्याच जागी उगवत असणार, हा त्याचा आणखी एक तर्क होता. तर्क आज हास्यास्पद वाटतो. पण नोंद प्रामाणिक आहे. थोड्या मात्रेपासून सुरुवात करून ती वाढवत नेल्याचे तो सांगतो, आणि काही हट्टी तापांत केवळ विलोने काम भागले नाही हेही लपवत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्टोनने ताप पाहिला होता, वेदना नव्हे. विलोतील सॅलिसिन १८२८ मध्ये वेगळे काढण्यात आले, आणि सांधेदुखीशी त्याची गाठ पडली ती आणखी जवळजवळ अर्धशतकाने. डंडी येथील डॉक्टर टॉमस मॅक्लॅगन याने ते आधी स्वतः घेतले, मग आमवाती ज्वराच्या रुग्णांना दिले आणि १८७६ मध्ये प्रसिद्ध केले. नवल असे की दमट जागेचा तोच तर्क त्यानेही वापरला होता. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पन्नास महाकषायांची यादी आहे. त्यांतल्या ‘वेदनास्थापन’ गणात वंजुल येतो. वंजुल म्हणजे वेतस आणि वेतस म्हणजे विलोच्या कुळातला आपला नदीकाठचा वाळुंज, असे काही अभ्यासक मानतात. ही ओळख वादग्रस्त आहे, म्हणून तिच्यावर इमले बांधू नयेत. पण हळद मात्र त्या गणात नाही आणि ‘श्वयथुहर’ म्हणजे सूज हरणाऱ्या गणातही नाही. तिथे दशमुळे आहेत. हळद येते ती लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न या गणांत. पुढे हळदीचे जे झाले ते पाहताना हे आठवणीत असावे.

विसाव्या शतकात औषधनिर्मितीचा व्यवसाय मोठा झाला. दर वर्षी शेकडो नवी संयुगे तयार होऊ लागली आणि ती सगळी माणसांना देऊन पाहणे शक्य नव्हते, योग्यही नव्हते. झटपट, स्वस्त आणि आकड्यांत उत्तर देणारी चाळणी हवी होती. वेदनेसाठी पहिली चाळणी १९४१ ची. डॅमूर आणि स्मिथ या संशोधकांनी उंदराच्या शेपटीवर तीव्र प्रकाशाचा झोत टाकला आणि तो शेपटी किती सेकंदांत झटकतो ते मोजले. १९४४ मध्ये वुल्फ आणि मॅकडॉनल्ड यांनी लहान उंदीर तापलेल्या पत्र्यावर ठेवून तो पाय चाटेपर्यंतचा वेळ मोजण्याची पद्धत दिली. पेथिडीन या तेव्हाच्या नव्या औषधाची पारख त्यांना करायची होती. दोन्ही पद्धतींत मॉर्फिनच्या जातीची औषधे उत्तम उतरतात. अॅस्पिरिन मात्र बहुधा नापास होते. ज्या गोळीने जगभरची डोकेदुखी थांबत होती ती वेदनाशामक नाही असे सांगणारी परीक्षा अपुरी होती, हे उघड आहे. म्हणून १९५० च्या दशकात आणखी एक पद्धत निघाली : लहान उंदराच्या पोटात सौम्य अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधला तोच पदार्थ, टोचायचे आणि तो पुढच्या वीस-तीस मिनिटांत किती वेळा पोट आवळून अंग ताणतो ते मोजायचे. इथे अॅस्पिरिन उत्तीर्ण होते. पण त्याच्याबरोबर वेदनेशी काहीही संबंध नसलेली पुष्कळ औषधेही उत्तीर्ण होतात. गुंगी आलेला किंवा स्नायू शिथिल झालेला उंदीरही कमी वेळा आळोखेपिळोखे देतो, आणि मोजणाऱ्याला त्यातला फरक नुसत्या संख्येवरून कळत नाही.

या प्रयोगांत निर्माण केलेली वेदना खरी असते, हे इथेच म्हटले पाहिजे. तापलेल्या पत्र्यावरच्या प्राण्याला ठरावीक सेकंदांनंतर उचलून घ्यावे, विनाकारण इजा होऊ देऊ नये, हे नियम हळूहळू आले. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसाठी त्सिमरमान याने १९८३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्याकडे प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा असला तरी प्रयोगांच्या नोंदणीचे व देखरेखीचे नियम १९९८ मध्ये झाले. एखादा प्रयोग फुकट गेला तर केवळ कागद फुकट जात नाही, एवढे या संदर्भात लक्षात राहिले तरी पुरे.

आता तो पंजा. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या संशोधनसंस्थेतील विंटर, रिस्ली आणि नस या तिघांनी चार पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. कॅराजीनन नावाच्या पदार्थाचा एक टक्का द्राव उंदराच्या पंजात अगदी थोडा टोचला की तासाभरात सूज चढते आणि तीन-चार तास टिकते. घोट्यावर शाईची खूण करायची, पंजा त्या खुणेपर्यंत पाऱ्यात बुडवायचा आणि किती पारा सरकला ते पाहायचे. सूज घनसेंटिमीटरमध्ये हाती येते. अॅस्पिरिन, फेनिलब्युटाझोन, हायड्रोकॉर्टिसोन यांनी ही सूज कमी होते, आणि ज्या क्रमाने ती माणसांत गुणकारी तोच क्रम साधारणपणे इथेही दिसतो. औषध कंपनीला याहून अधिक काय हवे? इंडोमेथासिन हे प्रभावी औषध याच संस्थेतून १९६३ मध्ये पुढे आले.

कॅराजीनन हा तांबड्या समुद्रशैवालाचा अर्क. आइस्क्रीम दाट व्हावे म्हणून तो आजही वापरतात. आयर्लंडच्या किनाऱ्यावर हेच शेवाळ दुधात उकळून खोकल्यावर व छातीच्या विकारांवर देण्याची जुनी रीत आहे. त्याचे नावही आयरिश भाषेतले, ‘छोटा खडक’ अशा अर्थाचे. म्हणजे जगभरच्या लोकौषधींची जी सूज उतरवण्याची परीक्षा घेतली जाते ती सूज मुळात दुसऱ्या एका लोकौषधीने चढवलेली असते.

ही पद्धत वापरात आली तेव्हा अॅस्पिरिन शरीरात नेमके काय करते हे कोणालाच माहीत नव्हते. ते १९७१ मध्ये जॉन व्हेन याने दाखवले : अॅस्पिरिन व त्याच्यासारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. या शोधाला १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९७१ साली दि रोझा, जिरू आणि विलोबी यांनी पंजाची सूज टप्प्यांत विभागून दाखवली. पहिल्या तासा-दीड तासात हिस्टामिन व सेरोटोनिन यांचे काम असते, मग किनिन, आणि अडीच तासांनंतर मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन. मग चित्र पूर्ण झाले. अॅस्पिरिनसारखी औषधे ओळखण्यासाठी घडवलेली ही चाळणी अॅस्पिरिनसारखी औषधेच उत्तम ओळखते, कारण तिच्यातली सूज त्यांनाच दबणारी आहे. ‘हे द्रव्य शोथ कमी करते का?’ असा प्रश्न इथे विचारलेला नसतो. ‘हे द्रव्य अॅस्पिरिनच्या गोत्रातले आहे का?’ असा तो प्रश्न असतो. औषध कंपनीला तो प्रश्न पुरेसा होता. वैद्याचा किंवा आजीचा प्रश्न तो नव्हता.

वनस्पतींच्या बाबतीत आणखी एक अडचण. पोटात टोचलेले कोणतेही क्षोभक द्रव्य दूरच्या पंजाची सूज कमी करते. शरीराचे लक्ष दुसरीकडे वळते, असे ढोबळपणे म्हणता येईल. जुन्या वैद्यकात डाग देण्यामागे हीच कल्पना होती. हा दोष १९६० च्या दशकातच ध्यानात आला होता. अनेक वनस्पतींचे अर्क क्षोभक असतात, त्यामुळे ‘शोथरोधक’ ठरलेला अर्क प्रत्यक्षात पोटात आग लावत असेल हीही शक्यता उरते. आणि मात्रा? किलोमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम अर्क ही अशा निबंधांतली नित्याची मात्रा. साठ किलोच्या माणसाला सरळ गुणाकार केला तर १२ ते २४ ग्रॅम. उंदीर व माणूस यांच्यातला नेहमीचा फरक धरून भागले तरी २ ते ४ ग्रॅम, तोही पाल्याचा नव्हे, पाल्यातून आटवून काढलेल्या अर्काचा.

हिंदुस्थानात हे सारे ज्या भूमीवर येऊन पडले ती आधीच नांगरलेली होती. कर्नल रामनाथ चोप्रा यांनी १९२१ पासून कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये देशी औषधींची परीक्षा आरंभली आणि १९३३ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गरिबाला परवडेल असे औषध देशातच मिळावे, ही त्यांची धडपड. पुढे १९५१ मध्ये लखनौच्या छत्तर मंझिलमध्ये केंद्रीय औषध संशोधन संस्था उभी राहिली आणि भारतीय वनस्पतींची घाऊक चाचणी तिने हाती घेतली. त्या निबंधमालेचा पहिला भाग १९६८ चा. घाऊक चाचणीला घाऊक पद्धतच लागते. उंदराचा पंजा त्यासाठी जणू बेतलेलाच होता. यंत्रे कमी, खर्च कमी, उत्तर सायंकाळपर्यंत हाती. महाराष्ट्रातल्या औषधनिर्माण महाविद्यालयांतून पुढे हा प्रयोग इतका रुळला की पदव्युत्तर विद्यार्थ्याने एखादी वनस्पती निवडावी, तिचा मद्यार्कातला अर्क काढावा आणि पंजा मोजावा, हा जवळजवळ संस्कारच झाला. मी या तरुणांना दोष देत नाही. दोन वर्षांत, तुटपुंज्या निधीत जे होण्यासारखे आहे ते ते करतात. चुकते ते निष्कर्षाच्या वाक्यात.

हळदीची कथा या परंपरेतली सर्वांत नामांकित. तिचा पिवळा घटक कर्क्युमिन १८१५ मध्ये युरोपात वेगळा काढला गेला होता आणि १९१० मध्ये त्याची रचना कळली होती. १९७१ मध्ये अरोरा व सहकाऱ्यांनी हळदीच्या अर्काचा शोथरोधक गुण नोंदवला, आणि १९७३ मध्ये लखनौच्याच श्रीमल व धवन यांनी शुद्ध कर्क्युमिनवरचा निबंध प्रसिद्ध केला. तो निबंध संयमाने लिहिलेला आहे. पंजाच्या सुजेत कर्क्युमिन फेनिलब्युटाझोनच्या जवळपास तोडीचे, दीर्घकालीन शोथाच्या प्रयोगांत मात्र निम्मेच प्रभावी, आणि विषारीपणा बराच कमी, असे ते सांगतात. पुढच्या पन्नास वर्षांत यातले पहिले आणि तिसरे विधान सर्वत्र उद्धृत झाले. मधले गळले. गंमत अशी की गुडघेदुखी किंवा संधिवात हा दीर्घकालीन शोथ आहे; म्हणजे लोक ज्यासाठी हळदीच्या गोळ्या घेतात त्याला लागू पडणारे विधान ते मधलेच होते.

मग माणसांची पाळी आली. १९८० मध्ये देवधर, सेठी व श्रीमल यांनी संधिवाताच्या १८ रुग्णांना दोन आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन फेनिलब्युटाझोनशी तुलना केली आणि सकाळचा ताठरपणा, चालण्याचा वेळ, सांध्यांची सूज यांत सुधारणा नोंदवली. स्वयंपाकातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के धरले तर १२०० मिलिग्रॅमसाठी रोज ४० ग्रॅम हळद लागेल. कितीही पिवळी भाजी केली तरी तेवढी पोटात जाणार नाही.

१९८६ चा मुंबईचा प्रयोग मला या सगळ्यांत अधिक मोलाचा वाटतो. डॉ. आर. आर. सातोसकर हे नाव वैद्यकाच्या दोन-तीन पिढ्यांना भांडारकरांच्या जोडीने लिहिलेल्या औषधशास्त्राच्या पाठ्यपुस्तकामुळे परिचित आहे. त्यांनी शहा व शेणॉय यांच्यासह अंतर्गळ व अंडवृद्धीच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे तीन गट केले. एकाला कर्क्युमिन, दुसऱ्याला फेनिलब्युटाझोन, तिसऱ्याला दुग्धशर्करेची पोकळ गोळी. दिवसातून तीनदा, पाच दिवस. सहाव्या दिवशी सूज, दुखरेपणा वगैरे लक्षणांच्या एकत्रित गुणांकात घट झाली ती अशी : कर्क्युमिन सुमारे ८४ टक्के, फेनिलब्युटाझोन ८६ टक्के, आणि पोकळ गोळी ६२ टक्के.

हा तिसरा आकडा पाहा. शस्त्रक्रियेनंतरची सूज आपोआप उतरते. गोळी घेतल्याच्या समाधानाने आणखी उतरते. एरवी कर्क्युमिनच्या नावावर जमा झाले असते अशा यशापैकी सुमारे तीन-चतुर्थांश यश साखरेच्या गोळीलाही मिळाले. उरलेला फरक शिल्लक राहतो, तो नाकारता येत नाही, पण तो ८४ नाही, २२ आहे. प्रयोगात तिसरा गट ठेवला म्हणून हे कळले. तो ठेवण्याची शिस्त त्यांनी पाळली. पुढच्या पुष्कळांनी पाळली नाही. दुसरा आकडाही एका अर्थाने कोसळला. फेनिलब्युटाझोनमुळे रक्तपेशींची निर्मिती बंद पडून माणसे दगावतात हे स्पष्ट झाल्यावर अनेक देशांनी १९८० च्या दशकात माणसांसाठी ते मागे घेतले. आज ते मुख्यतः घोड्यांना देतात. हळद ज्याच्या तोडीची ठरली होती तो मापदंडच बाजारातून उठला.

याच सुमारास मुंबईच्या इतिहासातला एक वेगळा मार्ग विस्मरणात जात होता. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचे लक्ष त्या मुळीकडे गेले. तिथे क्रम उलटा होता. आधी माणूस, जो ते औषध पिढ्यान्‌पिढ्या घेतच होता. प्रयोगशाळा त्याच्या मागून. वेदनेच्या बाबतीत हा क्रम आपण का सोडला, याचे उत्तर माझ्या मते साधे आहे : रक्तदाबाला यंत्र होते, वेदनेला माणसात यंत्र नव्हते, आणि उंदरात पारा होता.

१९९५ मध्ये हळद वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. जखम भरण्यासाठी हळदीचा वापर, या ‘शोधा’वर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकी पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये आव्हान दिले, ३२ संदर्भ पुढे ठेवले, त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते आणि १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंधही. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. विजय खरा होता आणि त्याचा अभिमान रास्त. परंतु त्या दप्तरात सिद्ध काय झाले? हळदीचा हा उपयोग आधीपासून ज्ञात होता, एवढेच. तो गुणकारी आहे की नाही हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. जनमानसात मात्र या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आणि ‘अमेरिकेनेही मान्य केले’ हे वाक्य रूढ झाले.

त्यानंतर कर्क्युमिनवर निबंधांचा पूर आला. अडचण जुनीच होती : तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात जवळजवळ पोचतच नाही. १९७८ मध्ये उंदरांत बहुतांश भाग विष्ठेतून बाहेर पडल्याचे दिसले होते. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील पायपरिन २० मिलिग्रॅम दिले आणि रक्तातले प्रमाण वीस पटींनी वाढल्याचे नोंदवले. हळद-मिरीच्या गोळ्यांचा बाजार या एका निबंधावर उभा आहे. २०१७ मध्ये नेल्सन, वॉल्टर्स आदी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी सगळ्या वाङ्मयाची कठोर झडती घेतली. कर्क्युमिन अस्थिर आहे, स्वतः चकाकते, धातूंना धरून बसते, त्यामुळे परीक्षानळीतल्या चाचण्यांत खोटी ‘होय’ देते. आणि शंभरावर मानवी प्रयोगांनंतरही पोकळ गोळीशी तुलना केलेला एकही दुहेरी-अंध प्रयोग यशस्वी म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो मला थोडा जास्तच कडक वाटतो. थायलंडमध्ये २०१४ मध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात हळदीचा अर्क आयबुप्रोफेनहून कमी ठरला नाही आणि पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. पण तिथे पोकळ गोळीचा गट नव्हता. मुंबईच्या ६२ टक्क्यांची आठवण इथे पुन्हा येते.

निरुपद्रवीपणाचा दावाही आता तपासून घ्यावा लागेल. २०२२ मध्ये अमेरिकेतील यकृतविकारांच्या अभ्यासजालाने हळदीच्या गोळ्यांशी संबंधित यकृतदाहाचे दहा रुग्ण नोंदवले. त्यांतला एक दगावला. सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली, आणि तपासलेल्या सात गोळ्यांपैकी तीनमध्ये मिऱ्यातील पायपरिन होते. फोडणीतल्या चिमूटभर हळदीविषयी हे नाही. ज्या युक्तीने कर्क्युमिन रक्तात पोचवले जाते, तीच यकृतापर्यंतही पोचवत असावी, अशी शंका मात्र त्यातून येते.

आणि या सगळ्यात लेप कुठे आहे? मुका मार लागला की आपल्या घरांत उगाळली जाते ती आंबेहळद. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती वेगळीच जात, स्वयंपाकातली हळद नव्हे. ती तुरटीबरोबर उगाळून, गरम करून बाहेरून लावतात. प्रयोगशाळेत गेली ती दुसरी जात, तिच्यातला एकच घटक, तोंडावाटे. निर्गुडीचेही तसेच. तिचा पाला तव्यावर गरम करून सांध्यावर बांधतात किंवा उकळून त्या पाण्याने शेकतात. २००३ मध्ये श्रीलंकेच्या संशोधकांनी तिच्या पानांचा पाण्यातला अर्क तपासला तो उंदरांना पाजून. उत्तर अनुकूल आले, आणि ते वाचून निर्गुडीचा शेक ‘सिद्ध’ झाला असे लिहिणारे लेख मी वाचले आहेत.

लेपाची खरी परीक्षा घ्यायची तर माणसाच्या घोट्यावर घ्यावी लागेल, आणि तुलनेसाठी दुसरा लेप लागेल : तितकाच गरम, कारण उष्णतेने स्वतःच दुखणे हलके होते, तितकाच घट्ट वाळणारा, कारण वाळलेला लेप घोट्याला आधारही देतो, आणि रुग्णाला ओळखू न येणारा. रंग एक वेळ जमेल. पण आंबेहळदीचा कच्च्या कैरीसारखा वास ज्याच्या नाकात लहानपणापासून बसला आहे त्याला खोट्या लेपाने फसवायचे कसे, हे प्रयोग आखणाऱ्याला आधी सोडवावे लागेल.